पटावर सतरा, फाटकावर अठरा

भुताखेतांच्या अनुभवांच्या या सदरात मी आजवर फक्त प्रतिक्रिया लिहिल्या, आणि त्याही बहुतेक भांडणाच्याच. कुणी विहिरीवरच्या बाईचं लिहिलं की मी विचारणार — किती वाजता, उजेड किती होता, अजून कोण होतं सोबत? त्यामुळे आज माझाच अनुभव वाचून कुणाला हसू आलं तर हसा... माझी हरकत नाही. पण माझा या गोष्टींवर विश्वास नव्हता आणि आजही नाही. आमच्या घरात समोरच्याच भिंतीवर बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या होत्या. अंगात येणं, करणी, बाहेरचं लागणं — असलं काही घरात बोललं की बाबा जेवणावरून उठून जायचे.

बाबांचं हसनाबादला मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी यायच्या, त्यांत नवी तार भरायची. तारेचे वेढे मोजावे लागतात, एक कमी-जास्त झाला तरी घोटाळा. बाबांनी त्यासाठी साधा खिशातला कॅल्क्युलेटर उघडून त्याच्या ‘बराबर’च्या बटणाखालून दोन वायरी बाहेर काढल्या होत्या. कॅल्क्युलेटरवर शून्य अधिक एक दाबा, मग ‘बराबर’ दाबत राहा — एक, दोन, तीन, आकडा आपोआप चढत जातो. त्या दोन वायरी एकमेकींना टेकल्या की बटण दाबल्यासारखंच. वेढ्याच्या हँडलला चुंबक, समोर चुंबकाचा स्विच, एक फेरा झाला की एक आकडा. शाळेतून आल्यावर मी त्या आकड्याकडे बघत बसायचे. सोल्डरिंग मी सातवीतच शिकले.

आता मूळ गोष्ट.

घनसावंगी तालुक्यात, तीर्थपुरीच्या अलीकडे एका वस्तीवर आमची शाळा आहे. नाव लिहीत नाही, कारण पोरांना अजून तिथंच शिकायचंय. दोन खोल्या, पुढं व्हरांडा, पहिली ते चौथी. मी आणि आमचे मुख्याध्यापक — त्यांना मी सर म्हणेन — असे दोघं शिक्षक. खिचडी शिजवायला शांताबाई. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीआधी पटावर तेवीस पोरं होती. मग ऊसतोडीचे ट्रॅक्टर आले आणि तीन घरं सहा पोरांसकट साखर कारखान्याकडे निघून गेली. राहिली सतरा.

त्या सहांत रेणुका होती, दुसरीची. अभ्यासात फार हुशार वगैरे नव्हती, उगाच खोटं कशाला सांगू. पण शाळेला यायचीच. घरचं पाणी भरून, धाकट्या भावाला आजीच्या मांडीवर ठेवून यायची, म्हणून रोज उशीर. परिपाठात प्रतिज्ञा सुरू असायची तेव्हा धापा टाकत यायची आणि कविता नावाच्या मैत्रिणीच्या शेजारी घुसून बसायची. जायच्या आदल्या दिवशी मी तिच्या वडिलांना भेटायला गेले.

“हिला तरी ठेवा आजीजवळ,” मी म्हणाले.

“म्हातारीलाच दिसंना गेलं मॅडम. कोन कोनाला संभाळावं? आन बारक्याला कोपीवर कोन बघंल?” ते म्हणाले. कोपी म्हणजे फडावरची उसाच्या पाल्याची झोपडी. त्यांच्या आवाजात राग नव्हता. रेणुका दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी काही करेन असं तिला वाटलं होतं. मी काही केलं नाही.

पंधरा दिवसांनी तपासणीला एक साहेब आले. कुठल्या ऑफिसचे ते सोडा. कुणीतरी अर्ज केला होता की, या शाळेत पोरं नाहीत, मॅडम रजिस्टरवर आकडे फुगवतात. साहेबांनी पहिल्याच झटक्यात सांगितलं, “ऊसतोडीला गेलेली नावं आजच्या आज कमी करा.”

मी म्हणाले, “ती पोरं पाच महिन्यांनी परत येतात साहेब. तात्पुरतं स्थलांतर म्हणून नोंद...”

“नियम मला शिकवू नका. नावं कमी करा. आणि राहिलेले सतरा तरी खरे कशावरून? रजिस्टरवर काहीपण लिहिता येतं.”

सरांनी माझ्यासमोर लाल शाईने सहा नावांवर रेघ मारली. त्यांना रिटायर व्हायला दोन वर्षं होती, त्यांचा इलाज नव्हता. माझा होता. पण तोंडातून आलं भलतंच — “साहेब, माझ्या हातानं न लिहिलेला आकडा दाखवते मी तुम्हाला.”

तर असं ते यंत्र. शांताबाईच्या नवऱ्यानं व्हरांड्याच्या तोंडाला कमरेइतकं लाकडी फाटक बसवून दिलं, दाराला स्प्रिंग, एका वेळी एकच पोर आत येईल एवढं अरुंद. त्यांच्याकडे उरलेला निळा ऑइलपेंट होता, तो दिला. फाटक पूर्ण आत ढकललं की त्यावरचं चुंबक स्विचपाशी पोचणार आणि आत भिंतीवर लावलेल्या कॅल्क्युलेटरवर एक आकडा चढणार. कॅल्क्युलेटर बाबांचाच, जुना, सरकत्या बटणाचा — नवे आपोआप बंद पडतात, ते याला चालत नाहीत. संध्याकाळी निघताना मी नऊशे नव्व्याण्णव अधिक एक, बराबर करून हजारावर आणून ठेवायचे. म्हणजे हजार दिसले तर कुणी आलं नाही, एक हजार सतरा म्हणजे सतरा आले. परिपाठ संपला की आकडा डायरीत लिहायचा आणि वायरची क्लिप काढून टाकायची, दिवसभर पोरं मग कितीही जावोत-येवोत. मोठी माणसं मागच्या दारानं.

पोरांना गंमत वाटायची. फाटक ढकलायचं आणि आत जाऊन ‘मी सात, मी आठ’ करत नाचायचं. पहिला आठवडा बराबर गेला. कधी सतरा, कधी सोळा, हजेरी आणि आकडा एकच.

दुसऱ्या आठवड्यात सोमवारी हजेरी सतरा, आकडा अठरा.

कुणीतरी दोनदा ढकललं असेल म्हणून सोडून दिलं. मंगळवारी हजेरी सोळा, आकडा सतरा. बुधवारी पुन्हा एक जास्त. गुरुवारी मी पोरांवर डाफरले, कोण खेळतंय म्हणून. कुणीच नाही. रात्री बाबांना फोन लावला.

“बाउन्स असंल का बाबा? एका धक्क्याला दोनदा टेकत असंल.”

बाबा म्हणाले, “बाउन्स असंल तं कधी एक वाढंल, कधी चार वाढतील. रोजचा एकच कसा वाढंल? स्विच बदलून बघ.”

स्विच बदलला. वायर बदलली. क्लिप घासली. वाऱ्यानं हलतंय का म्हणून रविवारी दिवसभर यंत्र चालू ठेवलं. त्या दिवशी वारा चांगला होता, सोमवारी सकाळी बघितलं तर हजार. कोरे हजार. म्हणजे वारा नाही, शेळी नाही, कुत्रं नाही. आणि सोमवारी परिपाठानंतर पुन्हा एक जास्त.

मग मी ठरवलं की डोळ्यांनीच बघायचं. मंगळवारी सरांना परिपाठ घ्यायला सांगितला, शांताबाईंना फाटकाकडे बघायला बसवलं आणि मी कॅल्क्युलेटरसमोर उभी राहिले. ऊन चांगलं पडलेलं होतं. सतरा पोरं आत येऊन बसली, मी दोनदा डोकी मोजली. आकडा एक हजार सतरा. फाटक मिटलेलं. प्रार्थना झाली. प्रतिज्ञा सुरू झाली. ‘माझ्या देशावर माझे प्रेम आहे’पर्यंत पोरं पोचली आणि माझ्या डोळ्यांसमोर सातचा आठ झाला.

काही आवाज नाही, थंड वारा नाही, तुम्ही लोक लिहिता तसलं काहीच नाही. फक्त सातचा आठ.

मी वळून शांताबाईंकडे बघितलं. त्या फाटकाकडे बघत तशाच बसलेल्या. “हाललं मॅडम,” त्या हळू म्हणाल्या. “आत गेलं आन मागं आलं. कुनी न्हाई तिथं.” सर म्हणाले, मला तर काही हललेलं दिसलं नाही. मी तर आकडा बघत होते, फाटक बघतच नव्हते. तेव्हा याबाबतीत कुणाचं खरं ते मी सांगू शकत नाही. पण एक मी बघितलं. कविता प्रतिज्ञा म्हणता म्हणता थोडी सरकली. शेजारी एका पोराची जागा झाली.

नंतर विचारलं, “का गं सरकलीस?”

“आसंच,” ती म्हणाली.

आता इथून पुढे जे झालं त्याचा मला आजही संताप येतो. शांताबाई घरी बोलल्या असतील, त्यात त्यांची काही चूक नाही. चार दिवसांत वस्तीवर झालं — शाळेत कुणीतरी शिरतंय. एका शहाण्यानं सकाळी येऊन फाटकाला लिंबू बांधलं. मी ते तोडून त्याच्याच समोर खिचडीत पिळलं. दोन घरांनी पोरं पाठवणं बंद केलं. मी त्या घरी गेले तर आई म्हणते, “आमाला एकच लेकरू हाय मॅडम. तुमचं काय, तुमी संध्याकाळी तीर्थपुरीला निघून जाता.” पोरं खरी आहेत हे दाखवायला यंत्र लावलं आणि त्या यंत्रानंच माझी दोन खरी पोरं घालवली.

त्याच आठवड्यात साहेब पुन्हा आले, न सांगता. त्या दिवशी पंधरा हजर. आकडा एक हजार सोळा. साहेबांनी बोटानं एकेक डोकं मोजलं, मग आकडा वाचला, मग माझ्याकडे बघून हसले.

“एक कुठंय मॅडम?”

मी स्वतः पुन्हा डोकी मोजली, पंधराच.

“रजिस्टर बोगस असतं हे ऐकलं होतं, आता मशीनपण बोगस. हातानं दाबता का बाकीची?”

मी म्हणाले, “हातानं फुगवायचंच असतं साहेब, तर एकानं कशाला फुगवलं असतं?” ज्याच्याकडे उत्तर नसतं तो कागद पाठवतो. आठ दिवसांत लेखी खुलासा मागितला — प्रशासनाची दिशाभूल का केली म्हणून.

मधे दोन गोष्टी घडल्या, त्या डायरीत आहेत म्हणून सांगते. एकदा वस्तीवरचे एक आजोबा पहाटे वारले. सरांनी सकाळीच फोन करून शाळेला सुटी दिली. कुलूप होतं, कुणीच गेलं नाही. मी मात्र आदल्या संध्याकाळी सवयीनं हजार लावून, क्लिप लावून आलेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन बघितलं. एक हजार एक. रविवारी कधीच नाही, ठरलेल्या सुट्टीला कधीच नाही, आणि अचानक दिलेल्या सुट्टीला मात्र एक. कुणालातरी सुट्टीचा निरोप मिळालेला नव्हता... हे वाक्य तेव्हा माझ्या मनात आलं आणि मीच ते हाकलून दिलं.

दुसरी गोष्ट — जानेवारीत एका आठवड्यात ओळीनं तीन दिवस आकडा आणि हजेरी बराबर जुळली. मला वाटलं, संपलं एकदाचं. चौथ्या दिवशी पुन्हा एक जास्त.

खुलाशात मी काय लिहिलं? ‘सदर उपकरणात तांत्रिक बिघाड होता.’ सरांनी हात जोडले, नाहीतर कमी पटाच्या नावाखाली बंद करतील, शाळा वाचवा म्हणाले, म्हणून लिहिलं. माझ्या आख्ख्या नोकरीत मी कागदावर लिहिलेली ती एकमेव खोटी ओळ. उपकरणात काही बिघाड नव्हता. बाबा स्वतः एसटीनं आले, तपासून गेले. त्यांनी शंभर वेळा फाटक ढकललं, शंभरच आकडे चढले. जाताना एवढंच म्हणाले, “मशीन चांगलं हाय. तू त्याला खोटं पाडू नको.” आणि मी पाडलं. काढायचं जिवावर आलं होतं, पण मार्चअखेरीला फाटक काढलं, चौकटीसकट. शांताबाईंनी त्याची फळकुटं चुलीत घातली. आठवड्याभरात ती दोन पोरंही परत आली. शाळा राहिली.

एप्रिलच्या सुरुवातीला ऊसतोडीची माणसं परत आली. दुसऱ्या दिवशी प्रतिज्ञा चालू असताना रेणुका धापा टाकत व्हरांड्यात आली. उन्हानं काळवंडलेली, हातावर उसाच्या पाचटानं कापल्याचे बारीक बारीक व्रण. व्हरांड्याच्या तोंडाशी ती थबकली, हात पुढं केला आणि हात हवेतच राहिला. इकडं तिकडं बघितलं, मग आत येऊन कविताशेजारी बसली.

मधल्या सुट्टीत मी तिला जवळ घेतलं. “काय बघत होतीस गं दारात?”

“फाटक कुठं गेलं मॅडम?”

मला वाटलं, कविताने सकाळी सांगितलं असेल. “कोणतं फाटक?”

“निळं. मी ढकलायची ते.”

“तू कधी ढकललंस? तू तर कारखान्याला गेल्ती.”

“रोज यायची की,” ती म्हणाली, जसं काही मीच विसरभोळी. “आई-बाबा उसात असायचे. बारक्याला झोळीत घालून झोका देत बसायची मी. दहाची गाडी भोंगा वाजवायची कारखान्याची. मंग यायची. प्रतिज्ञा व्हायची आन जायची.”

“अशी कशी यायचीस? डोळे मिटून?”

“डोळे कशाला मिटू? बारका पडंल ना.”

मी तिच्या हातावरचे व्रण बघत होते. तीच आपली आठवून आठवून सांगत राहिली. “एक दिवस कुनीच नव्हतं. कुलूप व्हतं. मी लय वेळ थांबले. आन तीन दिवस मी आलेच न्हाई, मला ताप आल्ता. गैरहजेरी लावली का मॅडम?”

हे तिनं न विचारता सांगितलं. मी तिला कुलपाचं सांगितलेलं नव्हतं, तीन दिवसांचं तर कुणालाच माहीत नव्हतं, सरांनाही नाही. ते फक्त माझ्या डायरीत होतं, आणि डायरी घरी.

नंतर मी जमेल तेवढी चौकशी केली. तिच्या वडिलांना विचारलं, गावाकडून फोन यायचा का? “फोन रिचार्ज न्हाई करीत आमी तिकडं, कामापुरतं बोलतो मुकादमासंग.” आजीला विचारलं, तिला फाटक लावलं-काढलं हेच ठाऊक नव्हतं. तापाचं विचारलं. आई म्हणाली, “आल्ता की, संक्रांतीनंतर. तीन दिवस पडून व्हती, बारक्याला मीच पाठीशी बांधून नेलं.” डायरीतले ते तीन दिवस संक्रांतीनंतरचेच. तरी मी म्हणते, कुणीतरी काहीतरी सांगितलं असेल, माझ्या लक्षात न आलेलं काहीतरी असेल. पण नुसतं ऐकलेलं पोर तीनशे किलोमीटरवरच्या फडातून रोज सकाळी माझं फाटक कसं ढकलेल, हे मला कुणी समजावून द्यावं. बाकीची पाच पोरंही तिकडंच होती. त्यांचा आकडा कधी आला नाही. का, तेही माहीत नाही.

मी हे सांगितल्यावर एक बाई मला म्हणाल्या, तिचा आत्मा येत असेल हो. मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. ती जिवंत पोरगी आहे. तिला दोन अंकी भागाकार येतो, तिला पेरू आवडतात. तिला भूत करू नका. जिला शाळेत यायचं होतं आणि जिच्या नावावर आपण लाल रेघ मारली, तिची गोष्ट ऐकून तुम्हाला अंगावर काटा येतो — आणि ती पाच महिने उसाच्या फडात झोळी हलवत बसते, त्यावर मात्र येत नाही? मला उलटं झालं. मला फाटकाची भीती कधीच वाटली नाही. ‘गैरहजेरी लावली का’ असं ती म्हणाली तेव्हा वाटली, कारण गैरहजेरी लावायला रजिस्टरमध्ये तिचं नावच नव्हतं.

साहेबांकडे पुन्हा प्रवेशाचा अर्ज घेऊन गेले. ते म्हणाले, आता जूनमध्ये बघू. मी तिथंच बाकावर बसून राहिले, चार वाजेपर्यंत. शेवटी सही दिली.

वायरिंग जाणणाऱ्या कुणी वाचलं असेल तर जरूर लिहा. बाउन्स, सेल उतरणं, ओल, उंदरानं कुरतडलेली वायर — हे सगळं मी आणि बाबांनी बघितलंय, तेवढं सोडून काही असेल तर सांगा. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. लिंबूवाल्यांनी कृपया लिहू नये.

यंदा दसऱ्यानंतर वस्तीवर पुन्हा ट्रॅक्टर आले. रेणुका यंदाही गेली; तिची आजी आता या जगात नाही, त्यामुळे आजवर आजीच्या सोबतीला मागं राहणाऱ्या धाकट्या दोघी चुलत बहिणीही गेल्या. सर रिटायर झाले, रजिस्टर माझ्याकडे आहे. नावं कमी करण्याचा कागद तीनदा आलाय. तिन्ही कागद मी टेबलाच्या खणात ठेवलेत आणि रोज सकाळी, प्रतिज्ञा संपल्यावर, पटावरची पूर्ण नावं — यंदाही तेवीसच — वाचते. गेलेल्यांच्या नावापाशी जरा थांबते. पोरंही तेवढा वेळ गप्प राहतात.